पदवी बोगस, अनुभव खोटा असा आरोप आला, तर कोणाला काय विचारायचे?

प्रश्न थोडक्यात असा : "मी एका ग्रामीण शिक्षण संस्थेचा सचिव आहे. आमच्या महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिकेबद्दल गेले वर्षभर निनावी पत्रे येत आहेत. पीएच.डी. बोगस आहे, एम.ए. करताना त्या दुसरीकडे नोकरीला होत्या, अनुभवाचा दाखला विकत घेतला आहे, असे त्यांत लिहिलेले असते. आता तीच पत्रे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहेत. लवकरच प्राचार्यपदाची निवड आहे, त्या उमेदवार आहेत आणि कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. खरे-खोटे ठरवायचे कसे?"

सचिव महोदय, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात माझी बहुतेक नोकरी पडताळणीच्या टेबलावर झाली. निवृत्तीनंतरही संस्थांना अशा चौकश्यांत सल्ला देतो. पहिली विनंती अशी, की हा विषय कार्यकारिणीत मतदानाला टाकू नका. ज्याचे उत्तर विद्यापीठाच्या निकालवहीत लिहिलेले आहे, त्यावर बैठकीत कितीही खल केला तरी तट कडवे होण्यापलीकडे काही होत नाही.

पत्रांत तीन निरनिराळे आरोप एकत्र कालवले आहेत, ते आधी सुटे करा. कागद खरा आहे का, म्हणजे ज्या विद्यापीठाचे नाव त्यावर आहे त्याने तो याच व्यक्तीला दिला का, हा पहिला प्रश्न. अर्जात आणि बायोडेटात जे लिहिले ते त्या कागदाशी जुळते का, हा दुसरा. आणि कागद अस्सल असला, तरी या पदासाठी तो ग्राह्य आहे का, हा तिसरा. तिन्हींची उत्तरे वेगवेगळ्या कार्यालयांत असतात आणि परिणामही वेगळे होतात. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले तर तो फौजदारी गुन्हा आहे. दुसऱ्यात चूक निघाली तर ती हेतुपुरस्सर होती का, हे तपासावे लागते. तिसऱ्यात उमेदवाराचा काडीचाही दोष नसू शकतो.

तिसऱ्या प्रकाराची दोन उदाहरणे देतो, कारण कार्यकारिणीतल्या लोकांना ही बाजू बहुधा माहीत नसते. छत्तीसगडमध्ये २००२ च्या एका कायद्याखाली अल्पावधीत शंभरावर खासगी विद्यापीठे निघाली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची मूळ कलमेच रद्द केली आणि ती विद्यापीठे एका दिवसात नाहीशी झाली. दुसरे उदाहरण काही अभिमत विद्यापीठांनी (म्हणजे केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्थांनी) २००१ ते २००५ दरम्यान दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी प्रवेशांचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पदव्या स्थगित केल्या आणि पदवी टिकवायची तर पुन्हा परीक्षा द्या, असे सांगितले. त्या पदवीधरांनी फी भरली होती, अभ्यास केला होता, परीक्षा दिल्या होत्या. त्यांना ‘फसवणारे’ म्हणणे हा उघड अन्याय आहे. त्यांच्यापैकी बहुतेक स्वतःच फसले होते.

आता पत्रातले प्रत्येक वाक्य घ्या आणि एखाद्या कार्यालयाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल अशा प्रश्नात ते लिहून काढा. ‘पीएच.डी. बोगस आहे’ याचा प्रश्न असा होईल : अमुक क्रमांकाची, अमुक तारखेची पीएच.डी.ची अधिसूचना, म्हणजे पदवी बहाल झाल्याचे अधिकृत पत्र, आपल्या विद्यापीठाने अमुक नावाने काढली आहे का? ज्या वाक्याचा असा प्रश्न होत नाही, उदाहरणार्थ ‘त्यांना काही येत नाही’ किंवा ‘सगळ्यांना ठाऊक आहे’, ते वाक्य बाजूला ठेवा. तो आरोप नव्हे, राग आहे. असे चाळून घेतल्यावर चार पानी पत्रातून दोन-तीनच तपासण्याजोग्या गोष्टी उरतात, असा माझा कायमचा अनुभव आहे.

विद्यापीठाला लिहिण्याआधी एक प्राथमिक गोष्ट पाहून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. बनावट विद्यापीठांची यादी आयोग वेळोवेळी प्रसिद्ध करतो. नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचे नाव त्या यादीत वर्षानुवर्षे होते. हे कलम मोडणाऱ्याला कायद्यात दंड आहे एक हजार रुपयांपर्यंत. पोराबाळांच्या आयुष्याशी खेळणाऱ्यांना एवढीच शिक्षा असावी, याचा मला अजून संताप येतो. मात्र फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची कलमे वेगळी लावता येतात आणि ती कडक आहेत.

यानंतर सर्वांत जास्त घोळ जिथे होतो तिकडे येतो, म्हणजे नावाकडे. मॅडमच्या बी.ए.च्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव असणार, पीएच.डी.वर सासरचे. जुन्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे, शेवटी आईचे. दहावीच्या प्रमाणपत्रावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी, पुढे पदवीवर ते जास्त. संस्था पडताळणीचे पत्र पाठवताना सेवापुस्तकातले आजचे नाव लिहितात. टेबलावरचा कारकून त्या नावाने निकालवही पाहतो, नाव सापडत नाही आणि उत्तर जाते : ‘नोंद आढळून येत नाही.’ एवढ्या एका ओळीवर चांगल्या शिक्षिकांची बदनामी झालेली मी पाहिली आहे. म्हणून पत्रात नाव कागदावर जसे छापले आहे तसेच्या तसे लिहा. सोबत आसन क्रमांक, असल्यास पीआरएन म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, परीक्षेचे सत्र (एप्रिल की ऑक्टोबर, कोणते वर्ष), महाविद्यालयाचे नाव आणि कागदाची दोन्ही बाजूंची छायाप्रत जोडा. नाव बदलले असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद मॅडमकडून घ्या.

आणि उत्तराची भाषा नीट वाचा. ‘नोंद आढळली नाही’ आणि ‘हे प्रमाणपत्र या विद्यापीठाने दिलेले नाही’ या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले आले तर आणखी तपशील देऊन पुन्हा लिहायचे. दुसरे आले तरच पुढची पायरी चढायची.

विद्यापीठांच्या नावांचेही तसेच. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा, नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले २००५ मध्ये. हद्दीही बदलल्या. सोलापूरला २००४ मध्ये विद्यापीठ आले, त्याआधी तिथल्या महाविद्यालयांच्या पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. जळगावच्या १९९० पूर्वीच्या पदव्या पुण्याच्या, नांदेडच्या १९९४ पूर्वीच्या मराठवाडा विद्यापीठाच्या, गडचिरोलीच्या २०११ पूर्वीच्या नागपूरच्या. गोवा विद्यापीठ १९८५ चे, त्याआधी पणजी-मडगावात शिकलेल्याची पदवी मुंबई विद्यापीठाची. ‘शिकल्या नांदेडात आणि पदवी औरंगाबादची कशी?’ हा प्रश्न निनावी पत्रात मोठ्या थाटात विचारलेला असतो. त्याचे उत्तर वर्ष पाहिले की तिथेच मिळते.

हीच माहिती खरी लबाडी पकडायलाही कामाला येते. २००९ सालची म्हणून दाखवलेली मूळ पदवी आणि तिच्या माथ्यावर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असेल, तर शंका रास्त आहे. ती नंतर काढलेली दुसरी प्रत आहे का, हे आधी पाहा. दुसऱ्या प्रतीवर बहुधा तसा उल्लेख असतो. तो नसेल तर विद्यापीठाला स्पष्ट विचारा.

तारखांवरून उठणारे वाद जवळजवळ सगळे एकाच कारणाने होतात. प्रबंध सादर केला ती तारीख, मौखिक परीक्षेची तारीख, अधिसूचनेची तारीख आणि पदवीदान समारंभाची तारीख या चार तारखा असतात, आणि लोक बायोडेटात त्यांतली कोणतीही लिहितात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठाला प्रबंध दिला १९१६ मध्ये, पण प्रबंधाच्या छापील प्रती दिल्यानंतर पीएच.डी. रीतसर प्रदान झाली ती १९२७ मध्ये. मधली अकरा वर्षे पाहून कोणी शंका काढू लागला, तर त्याला विद्यापीठाची त्या काळची पद्धत ठाऊक नाही एवढेच म्हणावे लागेल. मॅडमच्या दोन बायोडेटांत पीएच.डी.ची दोन वर्षे दिसत असतील, तर आधी अधिसूचना मागवा. नोकरीसाठी अर्ज केला त्या दिवशी अधिसूचना निघालेली होती का, हाच खरा प्रश्न आहे. ती निघण्याआधी नावामागे ‘डॉ.’ लावून त्या आधारे पद किंवा वेतनवाढ घेतली असेल, तर तो मुद्दा गंभीर आहे.

पीएच.डी. अस्सल आहे की नाही हे ठरवणे त्यामानाने सोपे. तिची वाट कागदांनी भरलेली असते : नोंदणीचे पत्र, विषयाला समितीची मान्यता, मार्गदर्शकाचे मान्यतापत्र, आयोगाच्या २००९ च्या नियमावलीखाली नोंदणी असेल तर कोर्सवर्कचा (प्रबंधाआधीच्या अभ्यासक्रमाचा) निकाल, शेवटी अधिसूचना. पुष्कळ प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर सर्वांना वाचता येतात. अस्सल पीएच.डी. झालेल्या माणसाकडे यातले बहुतेक कागद घरात सापडतात, आणि ज्याने पदवी विकत घेतली त्याच्याकडे शेवटचा एकच कागद असतो. प्रबंध दुसऱ्याचा उचलला, असा आरोप असेल तर तो तुमच्या संस्थेच्या कक्षेत येत नाही. आयोगाच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे त्याची तपासणी ज्या विद्यापीठाने पदवी दिली ते करते. तक्रार तिकडे पाठवा आणि निकालाची वाट पाहा.

आता ‘एम.ए. करताना त्या नोकरीला होत्या’ या आरोपाकडे. ऐकायला तो भारी वाटतो. पण विचारा, एम.ए. नियमित होते की बहिःस्थ, म्हणजे वर्गात न बसता परीक्षा देण्याचे? महाराष्ट्रात शेतावर राबून, पतसंस्थेत हिशेब लिहून, अंगणवाडी सांभाळून बहिःस्थ किंवा मुक्त विद्यापीठातून शिकलेली हजारो माणसे आहेत. १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले ते अशांसाठीच. नोकरी आणि शिक्षण एकाच वेळी चालले ही त्यांच्या कष्टांची खूण आहे. प्रवेश नियमित असेल, हजेरीची अट असेल आणि नोकरी दोनशे किलोमीटरवर पूर्णवेळ असेल, तर मात्र हजेरीपट आणि पगारपत्रक शेजारी ठेवून पाहावेच लागते. दोन पदव्या एकाच काळातल्या असतील तर त्या कोणत्या वर्षीच्या, हेही पाहा. दोन पूर्ण अभ्यासक्रम एकाच वेळी करायला आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये परवानगी दिली. त्याआधीच्या दोन नियमित पदव्यांबद्दल विद्यापीठाचे मत घ्यावे लागेल.

अनुभवाचा दाखला ही या सगळ्यातली सर्वांत कच्ची कडी. पदवीमागे निकालवही असते, अनुभवाच्या दाखल्यामागे कित्येकदा लेटरहेड आणि शिक्का एवढेच. म्हणून दाखला देणाऱ्याला ‘हा दाखला तुमचाच का’ असे विचारून थांबू नका. तो खोटा दिला असेल तरी ‘हो’ म्हणेल. पैशाचा माग काढा. नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याचा अहवाल, विद्यापीठाचे मान्यतापत्र, पगार ज्या बँक खात्यात जमा झाला त्याचा उतारा. विनाअनुदानित संस्था किंवा कंपनी असेल तर भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, ती मॅडम स्वतः उतरवून देऊ शकतात. पगारातून आयकर कापला असेल तर फॉर्म २६एएसवर कापणाऱ्याचे नाव येते. मात्र हे नसले म्हणजे नोकरी खोटी, असे समजू नका. लहान संस्थांना भविष्यनिर्वाह निधी लागूच नसतो आणि तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मिळणाऱ्या, मानधनातून आयकर कापण्याची वेळ क्वचितच येते.

तासिका तत्त्व हा आपल्याकडचा दुखरा विषय आहे. एखाद्या बाईंनी पाच-सहा वर्षे एकाच महाविद्यालयात तासिकांवर शिकवले, वर्ग घेतले, पेपर तपासले, आणि प्राचार्यांनी दाखला दिला ‘सहायक प्राध्यापक म्हणून कार्यरत’. काम खरे आहे. पण आयोगाच्या प्राध्यापक नेमणुकीबद्दलच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे आधीची हंगामी सेवा मोजायची तर अर्हता पूर्ण हवी, निवड रीतसर समितीमार्फत झालेली हवी आणि एकूण वेतन नियमित प्राध्यापकापेक्षा कमी नसावे. तासिकांवर राबणाऱ्याला हे वेतन कोण देते? तेव्हा ती वर्षे प्राचार्यपदासाठी मोजता येणार नाहीत असे ठरू शकते, आणि तरीही मॅडम खोटे बोलल्या असे होत नाही. ठरावात या दोन गोष्टी दोन वेगळ्या वाक्यांत लिहा. एकाच वाक्यात लिहिल्या तर त्यांच्या माथी कायमचा डाग लागेल.

उलट दिशेचा धोकाही सांगतो. मागच्या तारखेचे आदेश काढून नेमणुका जुन्या दाखवायचे प्रकार आपल्या राज्यात होतात. २०२५ मध्ये नागपूर विभागात शालार्थ आयडीचे (शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी प्रणालीतल्या ओळख क्रमांकाचे) जे प्रकरण बाहेर आले, त्यात अपात्र लोकांना शिक्षक दाखवून सरकारी पगार काढल्याचे आरोप होते आणि शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली. त्याआधी टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) प्रकरणात २०२२ मध्ये राज्य परीक्षा परिषदेने ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. तिथे निकालच आतून बदलले गेले होते, त्यामुळे अधिकृत यादीत नाव आहे एवढे पाहून भागले नसते. मागच्या तारखेची शंका असेल तर जावक नोंदवही मागवा. आदेशाचा जावक क्रमांक आणि त्याच्या मागचे-पुढचे क्रमांक यांच्या तारखा ओळीत बसतात का, ते बघा. मुळात संस्था त्या वर्षी अस्तित्वात होती का, हेही धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीवरून कळते. खासगी कंपनीतला अनुभव असेल तर विलीनीकरण लक्षात घ्या. पटनी कॉम्प्युटर आयगेटकडे गेली, आयगेट कॅपजेमिनीकडे. देना बँक २०१९ पासून बँक ऑफ बडोदात आहे. जुन्या नावाचे कार्यालय सापडत नाही, म्हणून नोकरी खोटी ठरत नाही.

शिक्क्यांना भुलू नका, आणि संगणकावर नोंद नाही म्हणून घाबरूही नका. नोटरीचा शिक्का किंवा परदेशी जाण्यासाठी लागणारे अपोस्टिल सही आणि अधिकारपदाची ग्वाही देते, आतल्या मजकुराची नाही. डिजिलॉकरमधल्या राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात पदवी दिसली तर उत्तम, पण ही योजना २०१७ ची. जुन्या वर्षांच्या पदव्या अनेक विद्यापीठांनी अजून तिथे चढवलेल्या नाहीत.

तुमच्यातला एक तट म्हणत असेल, ‘माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू.’ तो रस्ता लांबचा आहे. या कायद्याचे कलम ८(१)(जे) वैयक्तिक माहितीला संरक्षण देते. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कर्मचाऱ्याचे सेवाविषयक तपशील वैयक्तिक माहितीत धरले, आणि दिल्ली विद्यापीठाच्या १९७८ च्या बी.ए. नोंदवहीबाबत माहिती आयोगाने दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केला. तुम्हाला या वाटेने जायची गरजच नाही. तुम्ही नियोक्ते आहात. मॅडमचे संमतिपत्र घ्या, पडताळणीचे शुल्क भरा आणि संस्थेच्या लेटरहेडवर परीक्षा विभागाला लिहा. उत्तर थेट संस्थेच्या पत्त्यावर मागवा, कोणाच्याही हाती नको. मॅडमच्या हाती नको आणि तक्रारीच्या बाजूच्या सभासदाच्या हातीही नको.

संमती मागताना त्यांना पत्राची प्रत द्या. वर्षभर आपल्यामागे काय बोलले जाते आहे ते त्यांना कदाचित फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरूनच कळले असेल. कोणत्या मुद्द्यांवर पडताळणी होणार हे लेखी सांगा, उत्तर द्यायला पुरेसा अवधी द्या. निनावी तक्रारींवर कारवाई करू नये असे केंद्रीय दक्षता आयोगाचे धोरण आहे. तुम्ही त्याला बांधलेले नसलात तरी त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. माझा सल्ला असा, की प्राचार्यपदाच्या सर्वच उमेदवारांची पडताळणी एकाच दिवशी, एकाच नमुन्यात पाठवा. शंका नेहमी कोणावर घेतली जाते, हे मी टेबलावर बसून पाहिले आहे. पहिल्या पिढीत शिकलेल्यांवर, राखीव जागेवरून आलेल्यांवर, आणि वर चढू लागलेल्या बायकांवर. ज्याचे वडील प्राध्यापक होते त्याची एम.ए.ची गुणपत्रिका कोणी पडताळायला पाठवत नाही. सर्वांची पाठवली की हा भेद आपोआप मिटतो, आणि खरोखर लबाड असलेला उमेदवार दुसऱ्याच बाजूला निघू शकतो.

पडताळणीत कागद बनावट ठरला तर मागेपुढे पाहू नका. मुलांना खरा शिक्षक मिळण्याचा हक्क कोणाच्याही नोकरीपेक्षा मोठा आहे. विद्यापीठाचे लेखी उत्तर जोडून पोलिसांत फिर्याद द्या. १ जुलै २०२४ नंतरच्या कृत्यांना भारतीय न्याय संहिता लागू होते, त्याआधीच्या कृत्यांना जुनी दंड संहिता. सेवेतून काढायचे असेल तर रीतसर चौकशी करूनच : महाविद्यालयाला विद्यापीठाचे परिनियम लागू होतील, खासगी शाळेला १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली. चौकशीविना काढलेला माणूस न्यायाधिकरणातून परत येतो. ‘इतकी वर्षे सेवा झाली, आता राहू द्या’ हा बचाव फार टिकत नाही. जातीच्या खोट्या दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हेच सांगितले. पण अर्जातली प्रत्येक चूक त्या तोलाची नसते. नोकरीच्या अर्जात दडवलेल्या माहितीबद्दल २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात न्यायालयाने माहितीचे स्वरूप आणि पद दोन्ही विचारात घ्यायला सांगितले आहे. एखाद्या वर्षाची चूक आणि विकत घेतलेली पदवी यांना एकच शिक्षा होऊ शकत नाही.

राहिली प्राचार्यपदाची निवड. विद्यापीठाचे उत्तर तोवर येईलच असे नाही, परीक्षेच्या हंगामात तर नाहीच. त्यासाठी निवड रोखून धरू नका. पत्र लिहिणाऱ्याला बहुधा तेवढेच हवे असते. निवड समितीपुढे सर्व उमेदवार जाऊ द्या, आणि ज्याची निवड होईल त्याच्या आदेशात ‘मूळ कागदपत्रांच्या पडताळणीच्या अधीन राहून’ ही अट घाला. उत्तर आले की त्याची पहिली प्रत संबंधित उमेदवाराला द्या, मग ते कार्यकारिणीत वाचून इतिवृत्तात शब्दशः नोंदवा. मॅडमचे कागद खरे निघाले तर तसा ठराव करून त्याची सहीशिक्क्याची प्रत त्यांना द्या. पुढे बदनामीची तक्रार करायची की नाही हे त्या ठरवतील. तेव्हा ती प्रत त्यांच्याजवळ असली पाहिजे.